मी अ‍ॅडमिन, ग्रुप म्यूट

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन मी झालो, कारण टँकरचे पैसे गोळा करायला ग्रुप मीच काढला होता. ८४ फ्लॅट आणि रोजचा 'शुभ सकाळ'चा पूर. सहा महिन्यांत मी ग्रुप म्यूट करून टाकला.

एका मंगळवारी रात्री पावणेदहाला कुणीतरी फोटो टाकला. सायकलला चादरींचं गाठोडं बांधलेला माणूस, खाली 'मुलं पळवणारी टोळी फिरतेय, दिसला की धरा'. मागे आमचंच गेट दिसत होतं. मी तेव्हा मॅच बघत होतो. सकाळी चादरवाला पुन्हा आला, तर मागच्या गल्लीतल्या पोरांनी त्याला धरलं. वॉचमननं ११२ला फोन लावला म्हणून दोन-चार थपडांवर निभावलं.

अकराला पोलीस ठाण्यातून फोन आला. "अ‍ॅडमिन तुम्हीच ना? संध्याकाळी ठाण्यात या. आधारची झेरॉक्स आणा, फोन चार्ज करून आणा."

पोटात गोळा आला. मेहुणा वकील आहे, त्याला लावला. तो म्हणाला, घाबरू नकोस. गोंदिया जिल्ह्यातल्या एका अ‍ॅडमिनवर २०१६ मध्ये असाच गुन्हा दाखल झाला होता. मेंबरनं घाणेरडं लिहिलं आणि यानं त्याला ग्रुपमधून काढलं नाही, ही तक्रार. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं १ मार्च २०२१ला तो गुन्हा रद्द केला. दोघांचा मिळून कट असल्याशिवाय मेंबरच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनला धरता येत नाही. त्याच्या हातात माणसं घेणं आणि काढणं, एवढंच. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोच मेहुणा म्हणाला, "पण २०२२ पासून तुम्हा अ‍ॅडमिनना दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. तेव्हा 'माझ्या हातात काय होतं' असं तिथे म्हणू नकोस."

नेमकं हेच वाक्य मी रिक्षात घोकणार होतो.

ठाण्यात दीड तास बाकड्यावर. समोरच्या बाकड्यावर चादरवाला, गाठोडं मांडीवर घेऊन. शर्टाची वरची दोन बटणं तुटलेली, तिथे त्यानं सेफ्टी पिन लावली होती. मी फोनमध्ये तोंड खुपसून बसलो. त्यानं मला ओळखायचं कारणच नव्हतं, तरीही.

हवालदारसाहेबांनी फोन मागितला, ग्रुप उघडायला लावला, स्क्रीनशॉट घेतले. फोटो टाकणाऱ्याचा जबाब दुपारीच झाला होता.

"तुम्ही लिहिलं नाही, हे दिसतंय. काढलं का नाही?"

"साहेब, ग्रुप म्यूट होता."

त्यांनी टायपिंग थांबवून माझ्याकडे पाहिलं. "राईनपाडा आठवतंय?" आठवत होतं. साक्री तालुका, १ जुलै २०१८, भिक्षुकीला आलेले पाच जण याच अफवेपायी जमावानं ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली, आणि मीच तेव्हा याच ग्रुपवर 'जबाबदारीनं फॉरवर्ड करा' असा लांबलचक मेसेज टाकला होता!

माझ्या जबाबात 'ग्रुप म्यूट असल्याने मेसेज पाहिला नाही' हे वाक्य आलं. कागदावर ते फारच वाईट दिसतं. मग नोटीस. कागदावर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८, पण ठाण्यात सगळे अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून '१४९ची नोटीस'च म्हणतात. पुन्हा असं घडू देऊ नका, नाहीतर कारवाई, एवढाच मजकूर. दोन प्रतींवर सह्या आणि मोकळा.

खरी शिक्षा रविवारच्या मीटिंगला. तळमजल्यावरच्या काकांनी ठराव मांडला: निष्काळजी अ‍ॅडमिनला पाचशे रुपये दंड. फोटो टाकणारे गृहस्थ पहिल्याच रांगेत होते, त्यांच्या दंडाचं कुणी नावही काढलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, उपविधीत अ‍ॅडमिन हे पदच नाही, दंड कशाखाली लावणार? मला राग आला होता, पण मी पाचशेची नोट टेबलावर ठेवली. म्हटलं, हे चादरवाल्याला द्या आणि अ‍ॅडमिन बदला.

नावं मागवली. कुणी वर बघेना. काकांना स्मार्टफोन नीट जमत नाही म्हणे, रोज सकाळी सहाला फुलांचे फोटो तेवढे जमतात.

शेवटी मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या ताई, असे दोन अ‍ॅडमिन ठरले. रात्री दहा ते सकाळी सात फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील असं सेटिंग ठेवायचं. ते रोज हातानं बदलावं लागतं, त्यामुळे पाळ्या लावल्यात. आज माझी पाळी आहे. नऊ सत्तावन्न झालेत.