ट्रान्झिटमधलं सामान

दोन विमानांच्या मध्ये अख्खा दिवस मिळाला की शहाणी माणसं विमानतळावरच एखादा कोपरा पाहून आडवी होतात. आमच्या घरात अशी माणसं नाहीत. तिकिटं काढतानाच बाबा म्हणाले होते, "अनायासे इस्तंबूलही होईल." त्यांना नाही म्हणायला व्हिसाचा एक आधार होता. पण पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यामुळे तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळाला आणि तीही पळवाट बंद झाली.

न्यूयॉर्कहून निघून इस्तंबूलला उतरलो तेव्हा तिथे सकाळचे १० वाजले होते. शरीराच्या लेखी पहाटेचे ३. पूर्वेकडचा प्रवास जास्त जाचतो, कारण आपलं आतलं घड्याळ मुळात २४ तासांहून किंचित सावकाश चालतं. उशिरा झोपायला ते चटकन राजी होतं, लवकर झोपायला नाही. हे ज्ञान माझ्याकडे भरपूर होतं, झोप तेवढी नव्हती. विमानात मांडीवर मुलाचं डोकं आणि खांद्यावर नवऱ्याचं. आईने तर रात्रभर पर्स छातीशी धरून ठेवली होती. छत्तीस हजार फुटांवर चोर कुठे पळणार होता, ते तिलाच ठाऊक.

विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब. बसमध्ये बाबा सोडून सगळे तोंड उघडं टाकून झोपलो. मध्येच चौथ्या शतकातल्या जलवाहिनीच्या कमानींखालून बस गेली म्हणे.

आया सोफियापुढची रांग बघून आईने एकच प्रश्न विचारला, "आत बसायला आहे का?" ५३७ साली पूर्ण झालेल्या त्या वास्तूला इतका नेमका प्रश्न फार कमी जणांनी विचारला असेल. रांग हलत नव्हती. दोन विमानांच्या मध्ये रांगेत उभं राहू नये, असं माझं आता ठाम मत आहे. रांगांची हौस विमानतळावर भागते. घुमट बाहेरून डोळे भरून, म्हणजे अर्धे मिटलेले डोळे भरून पाहिला आणि पलीकडच्या मोकळ्या मैदानात बाक सापडताच पाचही जण त्यावर कोसळलो.

ते मैदान म्हणजे जुनं हिप्पोड्रोम. बायझंटाईन काळात इथे रथांच्या शर्यती व्हायच्या. आता झाडं, बाक, मांजरं आणि मधोमध एक इजिप्शियन ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळता होत गेलेला उंच दगडी खांब. मी त्याच्याकडे बराच वेळ नुसती बघत बसले, कारण मान वळवायचीही ताकद नव्हती. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाच्या हालचाली थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतक्या मंदावतात, असं संशोधन आहे. त्या हिशेबाने आमचं अख्खं सोवळं कुटुंब भर दुपारी झिंगलेलं होतं.

बाबा मात्र फोनमधून मोठ्याने वाचत होते. हा खांब साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तचा राजा तिसरा थुतमोस याने तिथल्या कर्नाकच्या देवळात उभारला. रोमन सम्राटाने चौथ्या शतकात तो नाईलमधून अलेक्झांड्रियाला आणवला आणि तिथे तो तीसेक वर्षं पडून राहिला. मी डोळे उघडले. तीस वर्षांचा लेओव्हर! पुढे ३९० साली सम्राट थिओडोसिअसने तो इथे उभा केला, पण प्रवासात कुठेतरी खालचा भाग गेलाच. चार कोपऱ्यांखाली ब्राँझचे चार ठोकळे आहेत, लांबून चाकं लावल्यासारखे दिसतात. विमानतळाच्या पट्ट्यावर आमची बॅग एकदा अशीच आली होती, एक बाजू गमावून.

मग लक्षात आलं, की या मैदानात सगळं असंच आलेलं सामान आहे. शेजारचा सापांचा स्तंभ ग्रीकांनी इ.स.पू. ४७९ च्या विजयानंतर ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळाला वाहिलेला. सम्राट कॉन्स्टंटाईनने तो इथे आणला. तीन सापांची तिन्ही डोकी गेली, त्यातल्या एकाचा वरचा जबडा जवळच्या संग्रहालयात जमा आहे. इथेच धातूचे चार घोडे होते, असं मानतात. १२०४ साली ते व्हेनिसला गेले, १७९७ मध्ये नेपोलियनने पॅरिसला नेले, १८१५ मध्ये परत आले. परत म्हणजे व्हेनिसला. मूळ मालक कोण, याची चौकशी कोणत्याच काउंटरवर झालेली दिसत नाही.

"आणि ऐक," बाबा म्हणाले. ओबेलिस्कच्या चौथऱ्यावर एका बाजूला लॅटिन आणि दुसऱ्या बाजूला ग्रीक लेख आहे. लॅटिन सांगतो, खांब उभा करायला तीस दिवस लागले. ग्रीक सांगतो, बत्तीस. सम्राटाच्या नजरेसमोर, एकाच दगडावर, दोन दिवसांचा फरक. आई डोळे न उघडता म्हणाली, "बत्तीसच असणार. वेळ लागलेला पुरुष नेहमी कमीच सांगतात." ग्रीक लेख बायकांनी कोरला नव्हता, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

मुलगा एका पिवळ्या मांजरामागे निळ्या मशिदीच्या दिशेने गेला आणि नवरा त्याच्यामागे. दोघांनी मिळून मिनार मोजले. नवऱ्याचे चार भरले, मुलाचे सहा. मुलगा बरोबर होता. तो विमानात झोपला होता ना, माझ्या मांडीवर.

संध्याकाळी गेटपाशी वाद सुरू झाला. आईच्या मते त्या बाकावर आपण जेमतेम दहा मिनिटं टेकलो. बाबा म्हणाले, दोन तास, तुमच्यामुळे तोपकापी राजवाडा राहिला. निकालासाठी फोटोंवरची वेळ बघायचं ठरलं. बसल्याबसल्या काढलेला पहिला फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये होता, निघतानाचा बाबांच्या. नवऱ्याचं घड्याळ अजून न्यूयॉर्कवर आणि बाबांनी तर मुंबईची वेळ अमेरिकेतही बदलली नव्हती. साडेनऊ तासांची वजाबाकी करण्याच्या अवस्थेत कोणीच नव्हतं.