भाषेचा पसंतीक्रम लॉक करण्याआधी: माझा अनुभव

पदवीसाठी परदेशी भाषा कोणती घ्यायची, हे ठरवायला मला फारसा वेळ लागला नाही. वेळ गेला तो एका साध्या प्रश्नाचं उत्तर मिळवण्यात: ही भाषा तुमच्याकडे शेवटच्या सत्रापर्यंत शिकवणार आहात ना? त्या उत्तरासाठी मला या खिडकीवरून त्या खिडकीवर जसं फिरवलं, ते आठवलं की आजही डोकं तापतं. यंदा ज्यांना अर्ज भरायचाय त्यांच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

प्रवेश, कागदपत्रं, फी हे सगळं सुरळीत झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

माझ्या डोक्यात तीन भाषा होत्या: जपानी, जर्मन आणि रशियन. फ्रेंच शाळेत झाली होती, ती पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकायची इच्छा नव्हती. जो तो एकच सल्ला देत होता, नोकरी कशात आहे ते बघ. मी आधी तास मोजायला बसले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट ही संस्था तिथल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. कामापुरती भाषा यायला वर्गातले किती तास लागतात, याचे त्यांनी पूर्वी दिलेले ढोबळ आकडे प्रसिद्ध आहेत: स्पॅनिश-फ्रेंचसाठी ६०० ते ७५०, जर्मनसाठी साधारण ९००, रशियनसाठी ११००, आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबीसाठी २२००. आमच्याकडे आठवड्याला चार तास, पंधरा आठवड्यांचं सत्र, अशी सहा सत्रं. म्हणजे अख्ख्या पदवीत ३६० तास. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की पदवी झाल्यावर भाषा अस्खलित येईल ही आशा गळून पडते आणि खरा प्रश्न समोर येतो: या ३६० तासांतला एकही तास वाया जाऊ नये, यासाठी काय करायचं?

ते आकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचे आहेत, हे मात्र विसरू नका. मराठी माणसाचं गणित वेगळं पडतं. तीन लिंगं आपण जन्मापासून वापरतो, त्यामुळे जर्मन किंवा रशियनमधलं नपुंसकलिंग बघून आपण दचकत नाही. रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत; नामाचं रूप बदलतं ही कल्पनाच आपल्याला नवी नाही. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि 'मध्ये', 'पासून', 'पर्यंत' यांसारखे शब्द नामानंतर लागतात, अगदी आपल्यासारखे. जपानीत आपला वेळ जातो तो लिपीत. हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमाला काही आठवड्यांत होतात, पण नित्य वापरासाठी ठरवून दिलेल्या कांजी, म्हणजे मूळ चिनी लिपीतून आलेल्या, चिन्हांची संख्या २१३६ आहे. त्यांच्यासाठी रोज बसायची तयारी हवी. माझी होती. जपानी हीच माझी पहिली पसंती होती.

अडलं ते इथून पुढे.

पोर्टलवर तीन रकाने होते: पहिली, दुसरी, तिसरी पसंती. प्रत्येक भाषेपुढे 'सत्र १ ते ६' असं छापलेलं. खाली लाल अक्षरांत, एकदा लॉक केल्यावर बदल होणार नाही. मी लॉक करणारच होते, इतक्यात तिसऱ्या वर्षाची एक ताई भेटली. ती म्हणाली, "जपानी मीही घेतली होती. पहिल्या वर्षानंतर बरेच जण सोडून गेले, आम्ही थोडेच उरलो, तर बॅचच बंद केली. मग दुसऱ्या भाषेत बसवलं, तेही अ-आ-इ पासून." तिचं एक अख्खं वर्ष गेलं. माहितीपत्रकात मात्र त्याही वर्षी 'सत्र १ ते ६' असंच होतं.

मी प्रवेश कार्यालयाच्या खिडकीवर विचारलं. उत्तर आलं, हे विभागाचं काम. विभागात गेले. तिथे म्हणाले, बॅच चालणार की नाही हे संख्येवर ठरतं आणि संख्या कळते पसंतीक्रम लॉक झाल्यावर. मी विचारलं, "सर, मग लॉक कशाच्या आधारावर करायचं?" त्यावर, कार्यालयात विचारा. पुन्हा खिडकी. "मॅडम, माहितीपत्रकात सगळं दिलेलं आहे, वाचून या." मी ते वाचूनच आले होते, पान उघडून दाखवलं. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

मला राग कशाचा आला ते स्पष्ट सांगते. संख्या आधी कळत नाही, हे मान्य. पण मागच्या वर्षी कोणती बॅच बंद पडली, कोणत्या भाषेला पूर्णवेळ शिक्षक आहेत आणि कोणती तासिका तत्त्वावर चालते, हे विभागाला पक्कं ठाऊक होतं. ते सांगायला कुठल्याही संख्येची वाट बघावी लागत नाही. नुकत्याच बारावी झालेल्या मुलांनी तीन वर्षांचा निर्णय घ्यायचा, तो कायमचा लॉक करायचा, आणि ज्यावर तो अवलंबून आहे ती माहिती विचारल्यावरही द्यायची नाही, याला माझ्या मते काहीही सबब नाही.

तोंडी विचारून काही होत नाही हे कळल्यावर मी लेखी अर्ज लिहिला. त्यात मोजके प्रश्न होते: बॅचसाठी किमान किती विद्यार्थी लागतात, ही अट फक्त पहिल्या वर्षाला आहे की दरवर्षी, मध्येच बॅच बंद झाली तर आधीचे श्रेयांक कशात धरणार, शिक्षक पूर्णवेळ आहेत की नाहीत. हे प्रश्न जसेच्या तसे वापरा, कुठल्याही विद्यापीठात लागू पडतात.

खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "ठेवून जा." मी म्हटलं, "पोच द्या." ते म्हणाले, पोच देत नाही. मागे रांग होती, म्हणून मी बाजूला सरकले, पण तिथेच उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी माझी झेरॉक्स ओढून घेतली. शिक्क्याचं पॅड वाळलेलं होतं. एकदा उमटवला, नुसती कड आली. पुन्हा दाबून उमटवला, गोल दिसला पण तारीख वाचता येईना. मग मी विनंती केल्यावर त्यांनी पेनाने तारीख आणि खाली आवक क्रमांक लिहिला. त्या क्रमांकानंतर माझ्याशी बोलण्याची पद्धतच बदलली. नोंद झालेला अर्ज कुणाच्या तरी टेबलावर जावाच लागतो. माझा भाषांच्या समन्वयक मॅडमकडे गेला.

मधले दिवस फार वाईट गेले. पोर्टलची मुदत जवळ येत होती. मैत्रिणी म्हणत होत्या, करून टाक लॉक, इतकं काय त्यात. मी केलं नाही. रोज पोर्टल उघडायचे, रकाने बघायचे आणि बंद करायचे.

अखेर समन्वयक मॅडमनी बोलावलं. त्यांनी अर्ज माझ्यासमोर पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "प्रश्न रास्त आहेत. हे सगळ्यांनाच कळायला हवं." त्यांनी विभागांकडून माहिती मागवली आणि मुदत संपायच्या आधी फलकावर एक पान लागलं. प्रत्येक भाषा, किमान संख्या, शिक्षक, आणि शेवटच्या रकान्यात बॅच कोणत्या सत्रापर्यंत नक्की चालेल. जपानीपुढे २ होतं. जर्मन आणि रशियनपुढे ६. त्या पानासमोर मुलं उभी राहून मोबाइलवर फोटो काढत होती. मला त्याचा अभिमान वाटला आणि तो मी लपवणार नाही.

जपानी सोडताना वाईट वाटलं. पण दोन सत्रं म्हणजे १२० तास. त्यात कांजींची जेमतेम ओळख होते आणि मग पुढचं सगळं एकटीने करायचं. ज्यांना जपानीच हवी आहे त्यांनी ती बाहेरच्या वर्गात शिकावी आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षा द्याव्यात. सर्वांत सोप्या एन-५ पासून सर्वांत अवघड एन-१ पर्यंत पाच पायऱ्या आहेत. फक्त हे ध्यानात असू द्या की त्या परीक्षेत बोलण्याची आणि लिहिण्याची चाचणी नसते, त्यामुळे प्रमाणपत्र हाती आलं तरी संभाषणाचा सराव वेगळा करावा लागतो. फ्रेंचच्या डेल्फ या प्रमाणपत्र परीक्षेत किंवा गोएथे इन्स्टिट्यूटच्या जर्मन परीक्षेत बोलणं, लिहिणं, वाचणं, ऐकणं चारही तपासतात.

जर्मन की रशियन, हे मी वर्गात बसून ठरवलं. शिक्षकांची परवानगी घेऊन दोन्ही विभागांत दुसऱ्या वर्षाच्या तासाला मागच्या बाकावर बसले. दुसऱ्या वर्षाच्याच, कारण पहिल्या वर्षाला सगळीकडे नमस्कार-चमत्कारच चालू असतात. जर्मनच्या वर्गात गर्दी होती, मुलं वहीत उतरवून घेत होती, एका तासात बोलायची पाळी मोजक्यांनाच आली. रशियनच्या वर्गात प्रत्येकाला बाई वाक्य करायला लावत होत्या, चुकलं की तिथल्या तिथे विभक्ती विचारत होत्या. बाहेर पडताना माझं ठरलेलं होतं. दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात नेमकं उलट चित्र असेल, म्हणून तुम्ही स्वतः बसून बघा.

रशियन कशी आहे ते थोडक्यात. ३३ अक्षरं, ती लवकर बसतात. हाताने लिहिण्याचं वळण छापील अक्षरांपेक्षा बरंच वेगळं असतं, ते पहिल्याच महिन्यात गिरवून घ्या. फळ्यावरचं वाचता आलं नाही तर तास वाया जातो. विभक्तींना घाबरू नका. खरा घाम फुटतो तो क्रियापदांना, कारण बहुतेक क्रिया पूर्ण आणि अपूर्ण अशा जोडीने पाठ कराव्या लागतात आणि 'जाणे' चालत की वाहनाने, एकदा की नेहमी, यावरून क्रियापद बदलतं. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी ही एक आहे, नोकरीबद्दल विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते.

मध्येच आठवलं: शाळेत एखादी भाषा झाली असेल तर अर्जात 'प्राथमिक' भरण्याआधी स्तरचाचणी आहे का ते विचारा. माझ्या वर्गमित्राची फ्रेंच ए-२ पर्यंत, म्हणजे युरोपीय मोजपट्टीच्या सहापैकी दुसऱ्या पायरीपर्यंत, झाली होती. त्याने चाचणी मागितली आणि थेट तिसऱ्या सत्रात बसला. चाचणी आहे हे पोर्टलवर कुठेही लिहिलेलं नव्हतं. अभ्यासक्रम बघतानाही शेवटच्या सत्राअखेर कोणता स्तर गाठणार ते शोधा. ए-१ ते सी-२ ही भाषेचा स्तर सांगणारी युरोपीय मोजपट्टी २००१ पासून आहे, युरोपीय भाषांच्या बाबतीत तरी विभागाला तिच्यात उत्तर देता यायला हवं. 'प्रगत' या शब्दावर समाधान मानू नका.

वेळापत्रकही लॉक करण्याआधी मागून घ्या. रशियनचा एक तास माझ्या मुख्य विषयाच्या प्रात्यक्षिकावर येत होता. ते आधीच कळल्यामुळे प्रात्यक्षिकाची तुकडी बदलून मिळाली, सत्र सुरू झाल्यावर मिळाली नसती.

आणि त्या पोचेची झेरॉक्स पदवी हातात येईपर्यंत जपून ठेवा. फलकावरचं पान दुसऱ्या वर्षी काढून टाकतात. मी त्याचा फोटो आणि आवक क्रमांक असलेला अर्ज एकाच फाइलमध्ये ठेवलाय. तिसऱ्या सत्रात बॅच लहान झाल्याची कुजबुज सुरू झाली तेव्हा आम्ही ती फाइल घेऊन विभागात गेलो आणि बॅच चालू राहिली.