औंध, जिल्हा सातारा

इथं इंग्लंडात, लीड्सला, परिषदेचा छापील कार्यक्रम हातात पडला आणि माझ्या निबंधाचं शीर्षक वाचून मी मटकन खालीच बसले. मी पाठवलेल्या 'औंध'चं कुणीतरी 'अवध' करून ठेवलं होतं. इंग्रजीत दोन्ही नावं दिसायला सारखीच. तपासणाऱ्याला वाटलं असणार, हिचीच चूक. अध्यक्षबाईंनीही माझी ओळख करून देताना लखनौच्या नवाबांचं नाव घेतलं.

बोलायला वीस मिनिटं मिळतात. इथं निबंध लिहून आणतात आणि वाचतात. मी खोलीत मोबाइलवर वेळ लावून अकरा वेळा वाचला होता. त्यातली दोन मिनिटं हे सांगण्यातच गेली की, औंध खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं एके काळचं छोटं संस्थान. आपल्याकडंही 'पुण्यातलं नव्हे' असं सांगावं लागतं, ते मला माहीत आहे. पण ऐकणाऱ्याचा गोंधळ होणं वेगळं आणि मी लिहिलेलं नाव मला न विचारता बदलणं वेगळं. एक मेल टाकायला काय जात होतं? नवाबांच्या अवधवर लिहिणाऱ्याचं कुणी औंध केलं असतं का? आठ दिवस झाले, राग उतरलेला नाही.

त्यापायी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः कुंचला हातात धरायचे, तो परिच्छेद गाळावा लागला. तोच माझा जीव की प्राण होता. समोर 'एक मिनिट'ची पाटी वर झाली होती. नियमाबद्दल मात्र तक्रार नाही. माझ्या आधीचे नामवंत प्राध्यापकसुद्धा पाटी दिसताच वाक्य पुरं करून थांबले. आपल्याकडं एका चर्चासत्रात सत्कार आणि मनोगतं होईपर्यंत माझ्या वाट्याला सात मिनिटं उरली होती. पण त्याच दिवशी जेवताना एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी औंधच्या चित्रांविषयी तासभर सांगितलं, त्यावर माझं अर्धं प्रकरण उभं आहे. इथं चहाच्या सुट्टीत तसं कुणी बसत नाही.

अण्णा फोनवर नेहमी विचारतात, "अगं, औंधवर लिहायला तिकडं कशाला जायचं?" त्याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. औंधच्या १९३८ सालच्या भवानी संग्रहालयातलं, शिल्पकार हेन्री मूरचं 'आई आणि मूल' हे शिल्प पडद्यावर आलं आणि सभागृहात कुजबूज झाली. मूर इथलाच, लीड्सजवळच्या कासलफर्डचा, खाणकामगाराचा मुलगा. १९१९ मध्ये लीड्सच्याच कलाशाळेत दाखल झाला. रविवर्मा आणि धुरंधरांच्या चित्रांशेजारी आपला मूर आहे, हे त्या लोकांना ठाऊकच नव्हतं. औंधात बसून मला हे चेहरे कुठं दिसले असते?

संपल्यावर कासलफर्डच्याच एक आजी पुढं आल्या, "तिथं जायचं कसं?" म्हणून. मी त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवरच नकाशा काढून दिला: सातारा, रहिमतपूर, औंध. मग त्यांनी पेन मागून घेतलं, शीर्षकातलं 'अवध' खोडलं आणि मला म्हणाल्या, "नीट अक्षरं सांग." त्यांच्या थरथरत्या हातानं ते पाच अक्षरांचं इंग्रजी नाव लिहून होईपर्यंत मी उभी होते. रहिमतपूरच्या स्टँडवरून औंधला सोडायला येणारी माझी आजी डोळ्यांसमोर आली आणि पुढचं मला दिसेना.

काल पुढच्या परिषदेसाठी सारांश पाठवला. शब्दमर्यादा अडीचशे. दोन शब्द 'जिल्हा सातारा'साठी ठेवलेत.