फेरीनंतरचा ब्रह्मगिरी

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची फेरी, म्हणजे ब्रह्मगिरी डोंगराची प्रदक्षिणा, झाली, की पुढच्या रविवारी त्र्यंबकला वाट विचारावी लागत नाही. राजगिऱ्याच्या लाडवांची प्लास्टिकं, केळीची सालं आणि चिखलात रुतून राहिलेल्या चपला दिसतील तिकडे चालत राहायचं. मी गेली बारा वर्षं फेरी मारतोय, त्यामुळे त्या कचऱ्यात माझाही थोडा वाटा असणारच. यंदा फेरी झाल्यावर पुन्हा गेलो, ते पहार आणि घमेलं घेऊन.

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून सकाळची पहिली त्र्यंबक बस धरली. आम्ही नाशिकचे सातजण. दोघे बँकेतले, एक केमिस्ट्रीच्या प्राध्यापिका, बाकीचे ट्रेकवाले. गंगाद्वाराच्या पायऱ्यांशी वनरक्षक आणि मेटघरच्या वाडीवरची पाच-सहा माणसं थांबली होती. जमीन वनखात्याची, त्यामुळे दगड हलवायचा तोही विचारून. महाराष्ट्रात गावकऱ्यांच्या वनसमित्या १९९२ पासून आहेत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने तर पाण्याचे स्रोत जपायचं कामच ग्रामसभेकडे दिलंय. कागदावर सगळं आहे. डोंगरावर मात्र त्या दिवशी होते वाडीवरचे एक दादा, त्यांचा पुतण्या आणि डोक्यावर रिकामे हंडे घेतलेल्या तीन बाया.

पायऱ्या सोडून आडव्या मातीच्या वाटेला लागलो आणि काम समोरच दिसलं. पायांनी माती दाबली जाते, मग पाणी मुरत नाही, ते वाटेनेच खाली पळतं. चिखल झाला की लोक कडेच्या गवतावरून चालतात, तिथलं गवत जातं, वाट आणखी रुंद होते. एका वळणावर तर वाट गुडघाभर खोल गेली होती. त्याच्या बरोबर खाली वाडीचा झिरा, म्हणजे पिण्याच्या पाण्याचा झरा. म्हणजे वरची सगळी लाल माती, आणि मातीबरोबर जे काही असेल ते, थेट हंड्यात.

दादांनी पहिला दगड लावून दाखवला. मी वाटेला काटकोनात लावत होतो. ते म्हणाले, "असं नाय. पाणी आडवलं तर ते दगडाला उचलून नेतं. पाणी तोडायचं." दगड तिरपे, डोंगराच्या अंगाकडून दरीच्या अंगाला उतरते, निम्मे मातीत गाडलेले. खालच्या टोकाला पाण्याला गवतात जायला तोंड मोकळं ठेवायचं. चढ जास्त तिथे ही रांग जवळजवळ, सपाटीला लांब लांब. शेतात पाट तोडतात तसंच, त्यांना नवीन काहीच नव्हतं. दुपारपर्यंत नऊ रांगा झाल्या आणि ट्रेकवाल्यांनी पाडलेल्या दोन शॉर्टकटांवर करवंदीच्या काट्या टाकल्या. त्यातला एक शॉर्टकट मी स्वतः वापरलेला आहे. हे दादांना सांगितलं नाही.

मग व्हायचं ते झालं. जेवणाआधी आमच्यातला एकजण झिऱ्यावर गेला आणि खिशातला साबण काढून हात धुऊ लागला. हंडेवाल्या मावशींनी तिथूनच आवाज दिला, "ओ भाऊ! पाणी राखायला आले ना तुमी?" बिचारा फेसाळ हात वर धरून उभाच राहिला. मावशींनी त्याला हंडाभर पाणी दिलं आणि झिऱ्यापासून चांगलं लांब पिटाळलं.

प्राध्यापिकाबाईंनी चार छोट्या बाटल्या आणल्या होत्या, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, ऊबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं. पाणी काळं पडलं तर त्यात मैला मिसळत असल्याची शंका. किती मिसळतोय ते बाटली सांगत नाही, पण पिणाऱ्याला तेवढं पुरतं. जलजीवन मिशनमध्ये गावागणिक पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे. मावशींनी बाटली उन्हाकडे धरून पाहिली आणि थेट विचारलं, "फेरीची माणसं झाडाआड बसत्यात ते यात दिसंल?" दिसेल, बाई म्हणाल्या. एक बाटली वाटेच्या वरच्या पाझराची, दोन झिऱ्याच्या. चौथी माझ्या घरच्या नळाची, सकाळी भरून आणलेली.

तो नळही काही परका नाही. ब्रह्मगिरीचं पूर्वेचं पाणी गोदावरीतून गंगापूर धरणात येतं आणि आम्ही नाशिककर तेच पितो. धरण मुळात ७,२०० दशलक्ष घनफुटांचं, गाळ साचून आता ५,६३० धरतात. त्या गाळातली मूठभर तरी आमच्या बुटांखालची असेल. २०२७ ला सिंहस्थ आहे, तेव्हा बुटांची मोजदाद कोण करणार?

बाटल्या घरी फ्रीजच्या मागे ठेवल्या, तिथे ऊब असते. बायकोने दोनदा विचारलं, हे नक्की काय आहे. (झाकण उघडू नका एवढंच सांगतो, कुजक्या अंड्यांचा वास येतो.) सोमवारी रात्री झिऱ्याच्या दोन्ही बाटल्या शाईसारख्या काळ्या. वरच्या पाझराची आणि नळाची, दोन्ही होत्या तशा.

फोटो दादांच्या पुतण्याला पाठवला. थोड्या वेळाने दादांचाच फोन आला. वाडीवर सगळ्यांना दाखवला म्हणाले, आता पाणी उकळूनच पितील आणि वरच्या पाझरापासून पाइप टाकायचं समितीत बोलतील. मग पलीकडे कुजबुज झाली. मावशींना पुढच्या रविवारी दहा बाटल्या हव्यात म्हणे, आणि साबणवाल्या भाऊला घेऊनच या, त्याला दगड उचलायला ठेवलेत.