आमचं ब्रूइंगचं दुकान बंद झालं

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातलं आमचं घरी बिअर बनवायच्या सामानाचं दुकान आणि त्याला लागून असलेली छोटी ब्रूअरी (बिअर बनवायची जागा) आजपासून बंद. संध्याकाळी जाऊन आलो. यीस्ट सकाळीच संपलं होतं, फ्रीजमध्ये हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) मोजकीच पाकिटं उरली होती. फार वाईट वाटतंय.

माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भरडायला मी तिथेच शिकलो. दाणा फुटला पाहिजे, पण टरफल शाबूत राहिलं पाहिजे, कारण पुढे रस गाळताना तेच चाळणीचं काम करतं. पीठ झालं की सगळं चोंदतं. मालक स्वतः हातावर दाणे घेऊन दाखवायचे. ऑनलाइन सामान स्वस्त पडतं, मान्य. पण फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) दोन दिवस गप्प बसला तर विचारायचं कुणाला?

२०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रूअरी बंद झाली तेव्हाही असंच पोटात कालवलं होतं. १८९६ पासूनची! फ्रिट्झ मेटॅगने १९६५ मध्ये ती बुडता बुडता वाचवली होती.

आणि अशी दुकानं म्हणजे नुसती विक्री नव्हे हो. कॅलिफोर्नियातल्याच चिको गावात केन ग्रॉसमनचं आधी असंच सामानाचं दुकान होतं, मग १९८० मध्ये त्याच गावात त्याच्या सिएरा नेवाडा ब्रूअरीची पहिली बिअर बनली. आमच्या दुकानातूनही कुणीतरी उद्या ब्रूअरी काढली असती, असं मला मनापासून वाटतं.

इथल्या मराठी मंडळींपैकी कुणी घरी बनवत असाल तर कळवा. माल्टची गोणी मिळून मागवू, भरडायला माझ्याकडे या.