पहिला नंबर कोणाचा, हे नंतर बघू

फझी पद्धतीने पर्यायांची क्रमवारी लावली आहे असं कोणी सांगितलं, की पहिला नंबर कोणाचा हे मी आधी बघत नाही. फझी संख्येची, म्हणजे एका आकड्याऐवजी धरलेल्या पल्ल्याची, साधी एक संख्या कुठल्या पायरीवर केली, ते शोधते. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

तज्ज्ञाला विचारलं की अमुक यंत्राची देखभाल कितपत सोपी, तर तो 'ठीक आहे' म्हणतो. त्याच्याकडून ५.२ असा आकडा वदवून घेणं म्हणजे त्याच्याजवळ नसलेली माहिती मागणं. लोत्फी झादेह यांनी १९६५ साली फझी संच (ज्यांत एखादी गोष्ट अंशतःही बसू शकते) मांडले, त्यामुळे अशा शब्दांना गणितात जागा मिळाली. टॉप्सिस ही पर्यायांची क्रमवारी लावण्याची हवांग आणि यून यांची १९८१ची पद्धत. चेन यांनी २००० साली तिला फझी रूप दिलं. त्यात 'ठीक' म्हणजे (३, ५, ७) आणि 'चांगलं' म्हणजे (७, ९, १०): कमीत कमी, सर्वांत संभाव्य आणि जास्तीत जास्त. मला ही मांडणी फार प्रामाणिक वाटते.

पुढे निकषांचे भारांकही, म्हणजे कोणता निकष किती महत्त्वाचा हे सांगणारे आकडेही, फझी असतात. (०.५, ०.७, ०.९) या भारांकाने (५, ७, ९) या गुणाला गुणलं की (२.५, ४.९, ८.१) मिळतं. पसारा चारवरून ५.६ झाला! असे पाच-सहा निकष एकत्र केले की पर्यायांचे त्रिकोण (अशा तीन आकड्यांचे आलेख) एकमेकांवर चढतात, आणि इथेच घाई होते.

समजा, 'क'चा एकूण गुण (३, ६, ७) आणि 'ख'चा (४, ५, ८) आला. साध्या संख्येसाठी त्रिकोणाचा गुरुत्वमध्य काढायचा तर तिन्ही आकड्यांची सरासरी घ्यायची: 'क' ५.३३, 'ख' ५.६७. 'ख' जिंकला. आता द्युबुआ आणि प्राद यांच्या शक्यता-सिद्धान्ताने बघू. 'क' हा 'ख'एवढा किंवा त्याहून मोठा असण्याची शक्यता १, उलट बाजूने ०.८३. म्हणजे 'क' पुढे. माहिती तीच, हिशोब दोन्हीकडे बरोबर, तरी क्रम उलटा. गुरुत्वमध्य उजवीकडच्या लांब शेपटीलाही मोजतो. शक्यतेने तुलना केली, तर शिखर (मधला, सर्वांत संभाव्य आकडा) कुठे आहे यालाच मान.

(२, ५, ८) आणि (४, ५, ६) यांचं तर दोन्ही रीतींनी बरोबरीत सुटतं. पण जोखीम घ्यायची तयारी नसलेल्या माणसासाठी हे दोन पर्याय सारखे कसे असतील?

बेलमन आणि झादेह यांची १९७०ची रीत वेगळीच: प्रत्येक पर्यायाचा सर्वांत कमकुवत निकष धरायचा आणि त्यात ज्याचा आकडा मोठा तो निवडायचा. ०.९, ०.९, ०.२ असा पर्याय सरासरीत ०.५, ०.५, ०.५ला सहज मागे टाकतो, इथे मात्र हरतो. सुरक्षेसारखा निकष असेल तर मी याच रीतीच्या बाजूने आहे; एका ठिकाणचा धोका दुसरीकडच्या स्वस्ताईने भरून निघत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की अहवालात त्रिकोण शेवटपर्यंत त्रिकोणच राहू द्यावेत. 'क' आणि 'ख' एवढे चढलेले असतील तर दोघांना एकाच गटात ठेवावं आणि ज्या निकषाचा भारांक सर्वांत पसरट आहे, त्याबद्दल तज्ज्ञाला पुन्हा विचारावं. बरेचदा तो 'महत्त्वाचा' म्हणाला होता ते खर्चाबद्दल की खर्चाच्या अनिश्चिततेबद्दल, हेच विचारायचं राहून गेलेलं असतं.