तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रंपेटपुढे बासरी ऐकू येते का?

बासरी, ट्रंपेट आणि ऑर्गन अशी तिघांचीच छोटी मैफल आहे, असं सांगलीत कुणालाही सांगितलं की प्रश्न ठरलेला असतो. "अहो, ट्रंपेट सुरू झाल्यावर बासरी ऐकू तरी येते का?" प्रश्न रास्त आहे. आपण ट्रंपेट ऐकलंय ते वरातीत, नाहीतर मिरवणुकीत, उघड्या रस्त्यावर आणि ताशाच्या वर चढून. ते वाद्य पन्नास माणसांच्या खोलीत येणार म्हटल्यावर धास्ती वाटणारच.

बासरी ऐकू येते, आणि स्वच्छ येते. पण ती ऐकू यावी ही जबाबदारी ट्रंपेटवाल्यापेक्षा ऑर्गनवाल्याची जास्त असते. मी ऑर्गन वाजवतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी ट्रंपेटचा गैरसमज दूर करू. त्याचा आवाज सगळीकडे सारखा पसरत नाही. त्यातला झगझगीत, टोकदार भाग कर्ण्याचं तोंड जिकडे असेल तिकडेच सरळ जातो. आमचे ट्रंपेटवाले मास्तर लग्नाच्या बँडमध्ये आयुष्य काढलेले आहेत. ते खोलीत आले की आधी भिंती बघतात, मग जाड पडद्याकडे कर्णा करून तिरके बसतात. एवढ्यानंच निम्मं काम होतं. उरलेलं त्यांचे ओठ करतात. जोरात फुंकण्यापेक्षा हळू फुंकणं फार अवघड असतं, कारण थोड्याशा हवेवर ओठांची थरथर टिकवून धरावी लागते. बँडवाल्यांना फक्त मोठ्यानं वाजवता येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मास्तरांना एकदा हळू वाजवताना ऐकावंच.

बासरी खालच्या सप्तकात मऊ आणि वर गेली की धारदार होते. म्हणून रचना बसवताना बासरी वर ठेवायची आणि ट्रंपेट तिच्या खाली. ही दोन वाद्यं एकत्र बसवणं नवं नाही. बाख या जर्मन रचनाकारानं १७२१ साली सहा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यमेळाच्या रचना, अर्पण केले. त्यांतल्या दुसऱ्यात ट्रंपेट आणि उभी धरून वाजवायची लाकडी बासरी शेजारीशेजारी आहेत, सोबत ओबो हे सनईसारखं वाद्य आणि व्हायोलिन. मधल्या संथ भागात ट्रंपेट एकही स्वर वाजवत नाही. वाद्यानं कधी थांबायचं, हेही त्यानं रचनेतच बसवलं होतं.

आता ऑर्गन. आमचा ऑर्गन म्हणजे चर्चमधला मोठ्या नळ्यांचा नव्हे. पायांनी भाता चालवायचा, हवेनं थरथरणाऱ्या पितळी पत्त्यांचा, संगीत नाटकात वाजायचा तोच. हार्मोनियमचा भाता हवा पत्त्यांतून बाहेर ढकलतो, तर हा ऑर्गन ती आत ओढून घेतो. त्यामुळे त्याचा आवाज गोल आणि भरीव येतो, गळ्याला आणि बासरीला चिकटून राहतो. सांगलीत याची ओळख करून द्यावी लागत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं मराठी नाटक उभं केलं, आणि बालगंधर्वांचं नागठाणं आपल्याच जिल्ह्यातलं. नाट्यपद म्हटलं की मागे ऑर्गन आलाच.

आणि नेमकी इथंच अडचण येते. नाट्यसंगीतात ऑर्गनवाल्याचं काम भरायचं असतं. गायक श्वास घ्यायला थांबला की ती जागा रिकामी दिसू द्यायची नाही, लगेच स्वर पुढे न्यायचे. आमचे हात याच सवयीत तयार झालेले असतात. बासरी आणि ट्रंपेटबरोबर मात्र हीच सवय घातक ठरते. ते दोघंही छातीतल्या हवेवर जगतात. वाक्य संपतं तिथं त्यांचा श्वास येतो आणि तो श्वास संगीताचाच भाग असतो. भात्याला दम लागत नाही, म्हणून ऑर्गन मधली जागा भरत राहिला तर ऐकणाऱ्याला वाक्य कुठं संपलं ते कळत नाही. बासरी बुडते ती अशी. ट्रंपेट न वाजताही बुडते.

म्हणून मी त्यांच्या श्वासाबरोबर हात उचलतो. बासरीवाल्या ताईंचे खांदे किंचित वर आले की माझी बोटं पट्ट्यांवरून निघालेली असतात.

दुसरी गोष्ट स्वरांची आहे, आणि ती मला फार आवडते. आपल्याकडचं ट्रंपेट बहुधा काळी पाचचं असतं, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी हा त्याचा सा. एकही कळ न दाबता फुंकलं तर त्यातून सा, प, वरचा सा, मग ग आणि पुन्हा प असे स्वर आपोआप निघतात. तो ग म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून, न छेडता आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार. मिरजेत नीट जवारी काढलेला, म्हणजे तार घुमावी म्हणून घोडी घासून जुळवलेला तंबोरा लावून बसलात तर तोच कानावर येईल. ऑर्गनवरचा ग मात्र त्याहून चढा असतो, अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शानं. कारण ऑर्गनच्या सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. हे दोन गंधार एकत्र वाजले की हवेत लाटा उठतात आणि त्या गढूळपणात बासरीची बारीक रेघ हरवते.

आम्ही काळी पाचमध्ये भूप रागाची एक साधी चाल वाजवतो. त्यात मास्तर गंधारावर थांबतात तेव्हा मी फक्त सा आणि प धरतो, ग सोडून देतो. बासरी वरच्या बाजूला ध वरून सा वर जाते. त्या क्षणी तिन्ही वाद्यं वेगवेगळी मोजता येतील इतकी स्पष्ट ऐकू येतात, आणि बासरी सगळ्यात स्पष्ट.

उन्हाळ्यात आणखी एक भानगड असते. हवा दहा अंशांनी तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला सहा मीटरनं वाढतो आणि नळीच्या वाद्यांचा स्वर चढतो. ऑर्गनची पत्ती धातूची, ती त्यांच्याबरोबर चढत नाही. ताई आपल्या जोडाच्या बासरीचं डोकं, म्हणजे फुंकायचा तुकडा, थोडं बाहेर ओढतात, मास्तर ट्रंपेटची सरकनळी ओढतात. दोघांना माझ्यापाशी यावं लागतं, कारण मला हलता येत नाही. त्यात पंखा लावायची सोय नाही. बासरीच्या तोंडावरून आडवी हवा गेली की फुंकरीची धार मोडते आणि स्वर फुटतो. एप्रिल-मे महिन्यात श्रोते वारा घालत बसतात, पण पंखा लावा असं आता कुणी म्हणत नाही.

तेव्हा याच. बसताना पहिली रांग सोडा आणि ट्रंपेटच्या कर्ण्याच्या रेषेत बसू नका. भिंतीलगत तिसऱ्या-चौथ्या रांगेत, ऑर्गनच्या बाजूला जागा धरा. तिथून बासरी उत्तम ऐकू येते.